मातीतल्या रोगांची झटपट डीएनए टेस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मर, मूळकूज, कंदकूज, खोडकूज या रोगांच्या डीएनए टेस्टबद्दल जे प्रश्न सारखे येत राहतात ते इथे एकत्र केलेत. सुरुवातीचे प्रश्न शेती करणाऱ्यांचे आहेत, पुढचे बरेचसे लॅबमध्ये काम करणाऱ्या पोरापोरींचे. सगळं सलग वाचायची गरज नाही, पण प्रश्न ५ मात्र सगळ्यांनी वाचाच, कारण रिपोर्ट फसतो तो बहुतेक वेळा मशीनमुळे नाही, सँपलमुळे.

१. मॉलिक्युलर टेस्ट म्हणजे नक्की काय करतात? आपलं नेहमीचं माती परीक्षण असतं तसंच का?

नाही. नेहमीच्या माती परीक्षणात सामू, नत्र, स्फुरद, पालाश वगैरे बघतात, त्यात रोगाचं काहीच कळत नाही. इथे रोगजंतूचा डीएनए शोधतात. प्रत्येक बुरशी, जिवाणू, सूत्रकृमी यांच्या डीएनएमध्ये काही तुकडे असे असतात जे दुसऱ्या कुणात सापडत नाहीत, निदान सापडू नयेत अशी अपेक्षा असते (हे कुठे चुकतं ते प्रश्न ११ मध्ये). त्या तुकड्याला नेमके जाऊन चिकटतील असे डीएनएचे छोटे धागे आधीच बनवून ठेवलेले असतात, त्यांना प्रायमर म्हणतात. सँपलमध्ये तो तुकडा असला की प्रायमर चिकटतात आणि एन्झाइम त्याच्या कोट्यवधी कॉप्या काढतं, मग त्या रंगावरून किंवा चमकण्यावरून दिसतात. म्हणजे टेस्ट फक्त एवढंच सांगते की या ट्यूबमध्ये या जंतूचा डीएनए आहे का. रोग येईल का, किती येईल, काय मारायचं, हे सगळं त्यावरून आपल्याला काढावं लागतं.

२. झाड मरतंय ते डोळ्याला दिसतंच की, मग टेस्ट कशाला?

दिसतं ते झाड सुकलेलं. कुणी सुकवलं ते दिसत नाही. हरभऱ्याचंच घ्या, झाडं वाळायला लागली की सगळे मर म्हणून मोकळे होतात, पण तिथे फ्युजेरियम बुरशीची मर असू शकते, मॅक्रोफोमिना बुरशीमुळे होणारी कोरडी मूळकूज असू शकते किंवा स्क्लेरोशियम रोल्फ्सायमुळे होणारी मानकूजही असू शकते. मर असेल तर खोड उभं चिरलं की आत काळपट रेषा दिसते. कोरड्या मूळकुजीत मुळं ठिसूळ होऊन तुटतात आणि रोग उष्ण कोरड्यात वाढतो, तर मानकुजीत जमिनीलगत पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे दाणे दिसतात. पुस्तकात हे असं स्वच्छ असतं, शेतात दोन-तीन एकत्र असतात. आणि मर रोगाला प्रतिकारक वाण घेतलं म्हणून ते कोरड्या मूळकुजीला टिकेल असं अजिबात नाही, त्यामुळे नाव चुकलं की पुढच्या वर्षीचं वाणही चुकतं.

औषधाचं तेच. पिथियम आणि फायटोफ्थोरा यांना आपण बुरशी म्हणतो खरं, पण ते ऊमायसीट्स, वेगळंच कूळ. मेटॅलॅक्झिल त्यांच्यावर चालतं, फ्युजेरियमवर नाही. कार्बेन्डाझिमचं बरोब्बर उलटं. आणि राल्स्टोनिया हा जिवाणू असेल तर दोन्ही वाया. आल्याच्या कंदकुजीत हा घोळ नेहमीचा आहे, पिथियम की राल्स्टोनिया हे न बघता आळवणी चालू असते.

३. पीसीआर, क्यूपीसीआर, लॅम्प, आरपीए ही नावं ऐकून डोकं फिरतं. फरक काय ते एकदाच नीट सांगा.

पीसीआर सगळ्यांचं मूळ, कॅरी म्युलिस यांनी १९८३ मध्ये शोधलेलं, त्यासाठी त्यांना १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. यात ट्यूब साधारण ९५ अंशांपर्यंत तापवायची, मग थंड करायची, परत थोडी तापवायची, असे ३०-४० फेरे. प्रत्येक फेऱ्यात कॉप्या दुप्पट. शेवटी जेलवर पट्टा बघायचा. आहे-नाही एवढं कळतं.

क्यूपीसीआर, म्हणजेच रिअल टाइम पीसीआर, यात कॉप्या वाढताना प्रत्येक फेऱ्याला चमक मोजली जाते, त्यामुळे किती होतं ते पण कळतं. मातीसाठी बहुतेक लॅब हेच वापरतात आणि माझ्या मते मातीत आकडा हवा असेल तर हेच वापरावं.

लॅम्प हे २००० साली जपानमधून आलं. यात तापवणं-थंड करणं नाही, ६० ते ६५ अंशांवर अर्धा-एक तास ठेवायचं, साधा हीटिंग ब्लॉक पुरतो. चार ते सहा प्रायमर मिळून लक्ष्याच्या सहा ते आठ जागा ओळखतात म्हणून पकड घट्ट असते. यातलं बीएसटी एन्झाइम घाणेरड्या सँपलमध्येही बऱ्यापैकी तग धरतं, हा मातीसाठी मोठाच फायदा.

आरपीए २००६ मध्ये आलं. ३७ ते ४२ अंश, वीस मिनिटांच्या आसपास काम होतं आणि निकाल प्रेग्नन्सी टेस्टसारख्या पट्टीवर वाचता येतो. मात्र प्रायमर थोडेफार जुळत नसले तरी ते चालवून घेतं, त्यामुळे जवळच्या भाऊबंदांमध्ये फरक करायचा असेल तर जपून.

४. झटपट म्हणतात पण माझा रिपोर्ट यायला आठवडा लागला, हे कसं?

कारण २० मिनिटं किंवा १ तास हा फक्त शेवटच्या पायरीचा वेळ असतो. त्याआधी सँपल पोचणं, वाळवणं, चाळणं, डीएनए काढणं हे सगळं असतं, आणि लॅबवाले सँपल साठवून एकदम बॅच लावतात. मातीतून डीएनए काढायलाच दोन-तीन तास जातात. तरी जुन्या पद्धतीशी ताडून बघा. फ्युजेरियम प्लेटवर वाढवून ओळखायला आठवडा-दीड आठवडा सहज लागतो, आणि व्हर्टिसिलियम बुरशीचे मायक्रोस्क्लेरोशिया (मातीत टिकून राहणारे सूक्ष्म काळे दाणे) मोजायचे तर माती वाळवण्यापासून धरून कित्येक आठवडे.

प्लेटची पद्धत टाकाऊ आहे असं मात्र अजिबात समजू नका. जिवंत जंतू हातात हवा असेल, औषधाला दाद देतो का बघायचं असेल, झाडावर परत रोग आणून खात्री करायची असेल तर तीच लागते.

५. सँपल कसं घ्यायचं? मी शेताच्या मधून एक मूठ माती पाठवली तर चालेल का?

नाही चालणार. एक एकर शेताच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचं वजन साधारण ८ ते ९ लाख किलो भरतं. लॅबमधलं नेहमीचं डीएनए किट त्यातली पाव ग्रॅम माती घेतं. पाव ग्रॅम! म्हणजे सगळा भार तुम्ही काय उचललं यावर. आणि हे जंतू मातीत मीठ विरघळल्यासारखे सगळीकडे सारखे पसरलेले नसतात, ते पट्ट्यापट्ट्यात, कुजलेल्या मुळाच्या तुकड्यात गोळा होऊन बसलेले असतात. स्क्लेरोशियमचा एक दाणा त्या पाव ग्रॅममध्ये आला तर रिपोर्ट आकाशाला भिडतो, नाही आला तर शून्य. दोन्ही आकडे तसे खरेच असतात पण दोन्ही तुमच्या शेताचे नसतात.

म्हणून आधी ठरवा की प्रश्न कुठला आहे. झाडं मरतायत आणि कारण हवंय, तर आजारी पट्ट्यातून घ्या, नुकत्याच कोमेजायला लागलेल्या झाडांच्या मुळाजवळून, आणि शेजारच्या निरोगी भागातलं दुसरं सँपल वेगळ्या पिशवीत, तुलनेला. पूर्ण वाळलेलं झाड उपटून पाठवू नका, त्यावर तोपर्यंत कुजवणाऱ्या दहा बुरश्या येऊन बसलेल्या असतात. आणि पेरणीआधी शेतात काय आहे ते बघायचंय, तर नागमोडी चालत वीस-तीस ठिकाणांहून मुळांच्या खोलीपर्यंतची माती घ्या, बादलीत नीट मिसळा आणि त्यातून अर्धा किलो पाठवा. मागच्या पिकाचे धसकटं-मुळांचे तुकडे चाळून फेकू नका, जंतू त्यातच जास्त असतो. शेताचा चढ-उतार, पाणी साचणारा कोपरा वेगळा असेल तर त्याचं सँपल वेगळं.

फावडं एका शेतातून दुसऱ्यात नेताना धुऊन घ्या. हे टेस्टसाठी पण आणि रोग पसरू नये म्हणून पण. सँपल उन्हात, गाडीच्या डिकीत ठेवू नका. मुळं ओली असताना बंद प्लास्टिकमध्ये कोंबली तर वाटेतच सडतात, कागदात गुंडाळून मग पिशवीत टाका.

६. माती पाठवू की मुळं?

उभं पीक आजारी असेल तर मुळं आणि खोडाचा खालचा भाग, निरोगी आणि काळं पडलेलं जिथे मिळतं ती सीमा सगळ्यात चांगली. झाडाच्या आत जंतू भरपूर असतो, डीएनए काढणं सोपं असतं आणि तो आत सापडला याला अर्थ जास्त असतो. पीक उभं नसेल तर मातीशिवाय पर्याय नाही. दोन्ही पाठवता आलं तर उत्तम.

७. मातीतून डीएनए काढणं एवढं अवघड का? पानातून तर पटकन निघतो.

मातीत ह्युमिक आणि फल्व्हिक आम्लं असतात, सेंद्रिय पदार्थ कुजून तयार झालेली, तीच ज्यांनी माती काळी दिसते. ती डीएनएसोबत निघून येतात आणि एन्झाइमला बंद पाडतात. मग जंतू असूनही काही वाढत नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. काढलेला डीएनए तपकिरी दिसला तर समजायचं की गडबड आहे. शिवाय क्लॅमिडोस्पोर, स्क्लेरोशिया या बुरशीच्या टिकाऊ बीजाणू-दाण्यांच्या भिंती जाड, त्या फोडायला बारीक मणी घालून जोरात घुसळावं लागतं, नाहीतर डीएनए आतच राहतो. चिकणमातीचे कण डीएनए धरून ठेवतात ते आणखी वेगळं.

उपाय आहेत. डीएनए दहापट पातळ करून परत लावा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं. मिक्समध्ये बीएसए हे प्रथिन घाला, डीएनए काढताना ही आम्लं धरून ठेवणारी पीव्हीपीपी पावडर वापरा. डिजिटल पीसीआरमध्ये सँपल वीसेक हजार थेंबांत वाटून प्रत्येकात वेगळी रिअॅक्शन होते, ते या घाणीला कमी दबतं. आणि प्रत्येक सँपलमध्ये एक ओळखीचा डीएनए मुद्दाम टाकून तो वाढतोय का ते बघायचं, याला इंटर्नल कंट्रोल म्हणतात. तो वाढला नाही तर निगेटिव्ह हा निगेटिव्ह नसतो, टेस्ट फेल असते. इंटर्नल कंट्रोल नसलेला मातीचा निगेटिव्ह रिपोर्ट मी तरी धरणार नाही.

८. रिपोर्टवर सीटी ३४ लिहिलंय. हे जास्त की कमी?

सीटी म्हणजे कितव्या फेऱ्याला चमक दिसायला लागली तो आकडा. जंतू जास्त असेल तर लवकर दिसतं, म्हणून सीटी छोटा म्हणजे डीएनए जास्त. साधारण ३.३ फेरे म्हणजे दहापट, त्यामुळे सीटी २४ आणि सीटी ३४ मध्ये हजारपटीचा फरक आहे. ३४ म्हणजे कमी.

पण नुसता सीटी दोन लॅबमध्ये किंवा दोन वेगळ्या टेस्टमध्ये ताडून बघू नका, प्रायमर वेगळे, मशीन वेगळं, माती किती घेतली ते वेगळं. लॅबकडून स्टँडर्ड कर्व्हवरून (माहीत असलेल्या प्रमाणाच्या डीएनएशी ताडून) काढलेला आकडा मागा, एक ग्रॅम मातीमागे किती डीएनए किंवा किती कॉप्या. आणि ३५ च्या पुढचे सीटी आले तर तीन ट्यूब लावून बघायला सांगा. ट्यूबमागे सरासरी तीन कॉप्या असल्या तरी शंभरातल्या पाचेक ट्यूबमध्ये एकही कॉपी पडत नाही, हा निव्वळ योगायोगाचा हिशोब आहे, त्यात लॅबची चूक नाही.

९. निगेटिव्ह आला. म्हणजे शेत स्वच्छ ना?

म्हणजे त्या पाव ग्रॅममध्ये, त्या टेस्टला दिसेल इतका डीएनए नव्हता. सँपल नीट घेतलं असेल (प्रश्न ५) आणि इंटर्नल कंट्रोल चालला असेल (प्रश्न ७) तर धोका कमी आहे असं म्हणता येतं. स्वच्छ आहे असं कधीच म्हणता येत नाही. राल्स्टोनिया बऱ्याचदा मातीच्या खालच्या थरात किंवा तणांच्या मुळांत दडून राहतो, वरची माती त्याला चुकवते.

१०. उलट झालंय, पॉझिटिव्ह आला पण पीक ठणठणीत आहे. टेस्ट चुकली का?

बहुतेक वेळा नाही. जंतू असणं आणि रोग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रोगाला जंतू पुरेसा लागतो, पीक बळी पडणारं लागतं आणि तापमान, ओल त्याच्या सोयीची लागते. काही माती तर रोग दाबून ठेवणाऱ्या असतात, त्यातले इतर सूक्ष्मजीव या जंतूला वर येऊ देत नाहीत. वाण प्रतिकारक असेल तर मातीत भरपूर जंतू असूनही झाड उभं राहतं. पण निश्चिंत होऊ नका, तोच जंतू पुढच्या पिकाची वाट बघत बसू शकतो. व्हर्टिसिलियमचे मायक्रोस्क्लेरोशिया १४ वर्षांपर्यंत टिकल्याची नोंद आहे.

दुसरं कारण मेलेल्या जंतूचा डीएनए, ते प्रश्न १२ मध्ये.

११. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम सापडलं असं लिहिलंय. म्हणजे मर रोगच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यात सगळ्यात जास्त फसगत होते, म्हणून जरा सविस्तर सांगते. फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम जवळपास प्रत्येक शेताच्या मातीत असतं. त्यातलं बरंचसं निरुपद्रवी, मुळांवर नुसतं राहणारं, काही तर झाडाला मदत करणारं. रोग करणारे जे आहेत ते पिकानुसार वेगळे, त्यांना फॉर्मा स्पेशालिस म्हणतात आणि असे शंभराहून जास्त प्रकार नोंदलेले आहेत. हरभऱ्याचा सिसेरिस, टोमॅटोचा लायकोपर्सिसी, केळीचा क्युबेन्स. टोमॅटोवाला हरभऱ्याला मर आणत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली सगळे सारखेच दिसतात.

आता लॅबने आयटीएस नावाचा तुकडा वापरून टेस्ट केली असेल तर ती फार तर फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम आहे इथपर्यंत नेते, आयटीएस या प्रकारांत फरक करू शकत नाही. टीईएफ जीन थोडा बरा, पण तोही पुरत नाही, कारण एकाच फॉर्माचे स्ट्रेन (उपप्रकार) नात्याने एकमेकांच्या जवळचे असतीलच असं नाही. खरा फरक असतो रोग करणाऱ्या जीन्समध्ये, विशेषतः सिक्स नावाच्या जीन्सच्या गटात, ज्यांची प्रथिनं बुरशी झाडाच्या पाणीवाहिन्यांत सोडते. टोमॅटोवाल्यात हे जीन्स वेगळ्या जादा क्रोमोसोमवर बसलेले असतात, आणि २०१० मध्ये दाखवलं गेलं की तो क्रोमोसोम एका स्ट्रेनमधून दुसऱ्यात जाऊ शकतो आणि ज्याला मिळाला तो निरुपद्रवी स्ट्रेन टोमॅटोवर रोग करायला लागतो. म्हणून प्रायमर रोगाच्या जीनवर बेतलेले आहेत की साध्या ओळखीच्या तुकड्यावर, हे लॅबला विचारायलाच हवं.

थोडक्यात, रिपोर्टवर नुसतं फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम असेल आणि पुढे फॉर्मा नसेल तर त्यावरून पीक बदलायचा निर्णय घेऊ नका.

१२. सोलरायझेशन केलं, प्लास्टिक टाकून माती तापवली, तरी टेस्ट पॉझिटिव्हच. सगळी मेहनत फुकट गेली का?

तसं नसेलही. डीएनए टेस्टला जिवंत आणि मेलेला यात फरक कळत नाही. पेशी मेली तरी तिचा डीएनए मातीच्या कणांना चिकटून बराच काळ राहतो. २०१६ मधल्या एका अभ्यासात मातीतला बुरशी-जिवाणूंचा सरासरी ४० टक्के डीएनए असा उरलेला, जिवंत पेशीबाहेरचा निघाला होता. म्हणून उपचारानंतर लगेच टेस्ट करून निराश होऊ नका, काही आठवडे जाऊ द्या आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघा, कल खाली जातोय का ते महत्त्वाचं.

पीएमए नावाचा एक रंग आहे, तो भिंत फुटलेल्या पेशींच्या डीएनएला प्रकाशात बांधून टाकतो आणि मग फक्त शाबूत पेशींचा डीएनए वाढतो. पाण्याच्या सँपलमध्ये छान चालतो, मातीत प्रकाश आत पोचत नाही म्हणून कमी चालतो. आरएनए बघायचा पण मार्ग आहे, तो मेल्यावर लवकर तुटतो, पण मातीतून तो काढणं जिकिरीचं. सगळ्यात खात्रीचं म्हणाल तर त्याच मातीत बळी पडणाऱ्या वाणाची रोपं कुंडीत लावून बघणं.

१३. केळीचा टीआर४ किटने तपासला, पॉझिटिव्ह आला. आता?

बाग उपटायच्या आधी थांबा, आणि कुणाला कंद, रोपं, माती द्यायचं मात्र आजपासून बंद करा. टीआर४ हा फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम क्युबेन्सचाच एक प्रकार, त्यामुळे प्रश्न ११ मधला सगळा गुंता इथे लागू होतो आणि काही जुने प्रायमर टीआर४ नसलेल्या फ्युजेरियमलाही पॉझिटिव्ह दाखवतात हे समोर आलेलं आहे. म्हणून एका टेस्टवर भागत नाही, वेगळ्या जीनवरची दुसरी टेस्ट, शक्य तर बुरशी वेगळी वाढवून तिचा व्हीसीजी प्रकार (ती कुठल्या स्ट्रेनशी जुळून एकत्र वाढते तो गट), असं करून खात्री करतात. हा क्वारंटाइनचा जंतू आहे, त्यामुळे ही खात्री सरकारी यंत्रणेकडूनच व्हायला हवी. कोलंबियात २०१९ मध्ये आणि पेरूमध्ये २०२१ मध्ये तो आढळला, म्हणजे एका खंडातून दुसऱ्यात जाणाऱ्या रोगाला आपल्या बुटाची माती पुरते हे लक्षात ठेवा.

१४. टोमॅटो अचानक हिरवीगार असताना कोमेजली, राल्स्टोनिया असेल तर शेतातच कळेल का?

आधी फुकटची टेस्ट करा. खोडाचा खालचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरा, राल्स्टोनिया असेल तर काही मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधाळ धागे खाली उतरताना दिसतात. त्यानंतर पट्टीची अँटिबॉडी टेस्ट किंवा लॅम्प. कुठला प्रकार आहे, म्हणजे फायलोटाइप, हे कळायला मल्टिप्लेक्स पीसीआर (एकाच ट्यूबमध्ये अनेक प्रायमर जोड्या) लागते. फायलोटाइप चार आहेत आणि आता त्यांच्या तीन वेगळ्या प्रजाती मानतात, त्यामुळे रिपोर्टवर राल्स्टोनिया स्यूडोसोलॅनॅसिएरम असं नाव दिसलं तर घाबरू नका, तोच जुना मर आणणारा गट आहे. मातीत हा जिवंत असूनही प्लेटवर वाढत नाही अशा अवस्थेत जाऊ शकतो, तिथे डीएनए टेस्ट प्लेटपेक्षा सरस ठरते.

१५. सूत्रकृमी आणि विषाणूंसाठी पण हेच चालतं का?

चालतं. मुळांवर गाठी करणाऱ्या मेलॉइडोगायनीच्या इन्कॉग्निटा, जावानिका, अरेनेरिया या प्रजाती आयटीएसवर जवळपास सारख्याच दिसतात, त्यांना स्कार प्रायमर (एकाच प्रजातीत सापडणाऱ्या तुकड्यावर बेतलेले) वापरतात. मातीतून पसरणारे बरेच विषाणू आरएनएवाले असतात, तिथे आधी आरएनएचा डीएनए करावा लागतो. बीटच्या रायझोमेनिया या मुळांच्या रोगाचा विषाणू पॉलिमिक्सा नावाच्या मातीतल्या सूक्ष्मजीवातून मुळात शिरतो, तेव्हा दोघांनाही शोधता येतं.

१६. लॅम्प लावला, सगळ्याच ट्यूब पॉझिटिव्ह, सँपलऐवजी नुसतं पाणी घातलेली पण! काय चुकतंय?

कंटॅमिनेशन, जवळपास नक्कीच. लॅम्पमध्ये कॉप्या इतक्या प्रचंड होतात की एकदा झालेली ट्यूब उघडली की हवेतून, हातमोज्यांतून, पिपेटमधून त्या सगळीकडे जातात आणि पुढच्या प्रत्येक टेस्टमध्ये शिरतात. म्हणून झालेली ट्यूब कधीच उघडायची नाही. रंग बंद ट्यूबमध्येच दिसेल असा डाय आधीच घाला, हायड्रॉक्सी नॅफ्थॉल ब्लू वगैरे. मिक्स बनवायची खोली वेगळी, डीएनए घालायची वेगळी, पिपेट वेगळ्या. सगळे रिएजंट टाकून नवे घ्या, टेबल ब्लीचने पुसा.

प्रायमर आपापसात चिकटूनही उशिरा खोटा पॉझिटिव्ह येतो, म्हणून किती मिनिटांनी वाचायचं ती वेळ पक्की ठेवा, ट्यूब तासन्‌तास ठेवून मग बघू नका. आणि फिनॉल रेडवाला गुलाबी-पिवळा मिक्स मातीसाठी वापरत असाल तर सावध, तो सामूवर चालतो, सँपलच आम्लधर्मी असेल तर काही न वाढताही पिवळा होतो.

१७. बांधावर, लॅबशिवाय करता येईल का?

झाडाच्या सँपलवर हो, बऱ्यापैकी. सुकवलेले रिएजंट मिळतात ज्यांना फ्रीज लागत नाही, बॅटरीवर चालणारे छोटे हीटर आहेत. डीएनए काढायला २०१७ मध्ये सेल्युलोजच्या कागदाची साधी पट्टी दाखवली गेली, रसात बुडवा, धुवा, ट्यूबमध्ये बुडवा, अर्ध्या मिनिटाच्या आत काम. पण मातीवर हे इतकं सोपं नाही, कारण प्रश्न ७. त्यामुळे बांधावर मुळांची टेस्ट करा, मातीची लॅबला पाठवा, असं मी सुचवेन.

१८. क्रिस्परवाली टेस्ट म्हणतात ती काय?

आधी आरपीए किंवा लॅम्पने डीएनए वाढवतात, मग क्रिस्परमधलं कॅस१२ए प्रथिन त्यात नेमका क्रम आहे का ते तपासतं, सापडला की ते चवताळल्यासारखं आजूबाजूचे धागे पण कापायला लागतं आणि त्यात ठेवलेला रिपोर्टर (तुटला की चमकणारा धागा) तुटून चमकतो. ही कल्पना २०१८ मध्ये पुढे आली. फायदा हा की खोटे पॉझिटिव्ह कमी होतात, दुहेरी तपासणी होते ना. तोटा हा की पायऱ्या वाढतात, आणि मध्ये ट्यूब उघडायची पद्धत असेल तर प्रश्न १६ परत दारात.

१९. एकाच टेस्टमध्ये सगळे रोग कळतील असं काही आहे का?

मल्टिप्लेक्स क्यूपीसीआरमध्ये एका ट्यूबमध्ये तीन-चार जंतू बसतात. त्याहून पुढे मेटाबारकोडिंग, मातीतला सगळा डीएनए वाचून यादी काढायची. डीएनए वाचणारं नॅनोपोरचं यंत्र १०० ग्रॅमच्या आसपास वजनाचं आहे, लॅपटॉपला लावून चालतं. यादी बघायला भारी वाटते पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. यादीतलं प्रमाण टक्क्यांत असतं, जंतू खरोखर किती ते कळत नाही. आणि बुरशीसाठी बनवलेले आयटीएस प्रायमर पिथियम, फायटोफ्थोरा यांना बऱ्याचदा पकडतच नाहीत, ते ऊमायसीट्स ना. त्यामुळे यादीत फायटोफ्थोरा नाही म्हणून शेतात नाही असं धरू नका, त्यांचे प्रायमर वेगळे लावले होते का ते विचारा.

२०. किती आकडा आला की काळजी करायची?

सगळ्यांना लागू पडेल असा एक आकडा नाही, आणि कुणी तसा सांगितला तर कुठल्या पिकावर, कुठल्या मातीत काढला ते विचारा. हे आकडे बनवायला कित्येक हंगाम पेरणीआधी माती तपासून शेवटी उत्पादन किती घटलं ते जोडत जावं लागतं. ऑस्ट्रेलियात हे झालंय. तिथली प्रेडिक्टा बी ही सेवा १९९७ पासून धान्य पिकांच्या पेरणीआधी मातीची डीएनए टेस्ट करते, अर्धा किलोपर्यंतच्या सँपलमधून डीएनए काढते (प्रश्न ५ मधली पाव ग्रॅमची अडचण त्यांनी अशी सोडवली) आणि शेतकऱ्याला धोका कमी, मध्यम की जास्त असं कळवते. मला स्वतःला नवीन प्रायमरपेक्षा हे काम जास्त मोलाचं वाटतं. तुमच्या पिकासाठी असे आकडे तयार नसतील तर स्वतःच्या शेताचा आकडा दरवर्षी त्याच वेळी, त्याच पद्धतीने, त्याच लॅबमधून काढा आणि शेजारी पिकाचं नुकसान लिहून ठेवा.

२१. एकाच मातीचे दोन लॅबचे रिपोर्ट वेगवेगळे आले, खरं कोण?

दोघंही खरे असू शकतात. तुम्ही पिशवी अर्धी-अर्धी केली तेव्हाच सँपल वेगळं झालं. पुढे माती किती घेतली, प्रायमर कुठले, पातळ केलं का, यावर फरक पडतो. दोघांना हे चार प्रश्न विचारा: किती ग्रॅम मातीतून डीएनए काढला, प्रायमर कुठल्या जीनवर आहेत, इंटर्नल कंट्रोल होता का, आणि कमीत कमी किती डीएनए तुमची टेस्ट पकडते. जी लॅब उत्तरं नीट देईल तिचा रिपोर्ट धरा.

२२. रोपवाटिकेतली रोपं आणि विहिरीचं, तळ्याचं पाणी तपासून घेता येतं का?

येतं, आणि मातीपेक्षा सोपं जातं. पिथियम, फायटोफ्थोरा यांचे पोहणारे बीजाणू पाण्यातूनच फिरतात, त्यामुळे काही लिटर पाणी फिल्टरमधून गाळून त्या फिल्टरचा डीएनए काढतात. रोपांमध्ये दिसायला निरोगी रोपंच तपासा, आजारी तर तुम्ही तशीही लावणार नाही. वाफ्यातून किंवा ट्रेमधून विखरून रोपं निवडा, मुळं धुऊन एकत्र करा आणि गठ्ठ्याची एक टेस्ट लावा, पॉझिटिव्ह आली तर मग ट्रेनुसार वेगळं तपासा. पाण्याचं सँपल गाळ ढवळून घेऊ नका पण अगदी वरचंही नको, आणि ते त्याच दिवशी थंड ठेवून पोचवा.